पाठच्या भावाच्या पेशी

सायकलवाला होता, आणि एकाएकी नव्हता. ब्रिस्बेनमधल्या इप्सविच रोडवर सकाळची गर्दी, लाइनेच्या हातात बसचं मोठं स्टिअरिंग, डावीकडे फुटपाथाच्या कडेनं चाललेला पिवळ्या शर्टातला माणूस. आणि मग त्याच्या जागी नुसता राखाडी धूसरपणा, पाटीवर ओला बोळा फिरवावा तसा. तिनं ब्रेक दाबला. उभी माणसं पुढे कलली, कुणाची तरी कॉफी सांडली, मागून एक म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटला की हल्ली कुणालाही बस चालवायला देतात. लाइनेनं मान वळवली तर सायकलवाला होता तिथंच होता, बसच्या अंगाला जवळजवळ चिकटून. त्यानं वर पाहिलं आणि डोक्याशी बोट फिरवून तिला वेड्यात काढलं. तिनं मान सरळ केली. तो पुन्हा पुसला गेला. वळवली, आला. उजवा डोळा इतक्या डावीकडे पोचत नाही, तिथलं सगळं डाव्या डोळ्याच्या ताब्यात, आणि डावा डोळा तिथलं जग खाऊन बसला होता. तिनं पिवळे दिवे लावले, इंजिन बंद केलं आणि डेपोला कळवलं की मला नीट दिसत नाहीये, बस उभी केली आहे, दुसरा ड्रायव्हर पाठवा. पहिल्या सीटवरची नर्सच्या कपड्यातली मुलगी म्हणाली, “अहो, माझी ड्यूटी चुकेल.” “चुकू दे,” लाइने म्हणाली, “पोचशील तर धड.” दरवाजे उघडून ती खाली उतरली आणि कडेच्या लोखंडी कठड्याला टेकली. पण भीतीच्या आत, अगदी मधोमध, कसलंतरी कडक आणि आनंदाचं होतं. कुणाला लागलं नव्हतं. तिनं थांबवलं होतं.

टॅक्सीतून हॉस्पिटलकडे जाताना तिला कळत गेलं की हे आज सकाळी झालेलं नाही. भिंतीवर काळे कण तरंगताना दिसत होते, ती चिलटं समजून हात मारत होती. अंग मोडून यायचं, ते तिला उन्हाळ्याचं वाटलं होतं. किडनी बसवल्यावर अर्धं वर्ष विषाणूवरच्या पहाऱ्याच्या गोळ्या होत्या, त्या नुकत्याच थांबल्या होत्या. किडनीच्या डॉक्टर लाम गोळ्या थांबवताना म्हणाल्या होत्या की आता पहारेकरी गेले, आता तुम्ही स्वतः जागं राहायचं. लाइने जागीच होती, तिच्या मते. ती शिफ्टला वेळेवर जात होती, कच्ची मासळी खात नव्हती, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर मास्क लावून बसत होती, आणि गालाला गाल लावायला येणाऱ्या बायकांना दुरूनच हात जोडत होती. पण जे बाहेरून येणार नव्हतं, ते आतूनच आलं होतं. ते तिच्या पोटात, उजव्या कुशीला, उआइसेलेच्या किडनीत बसूनच आलं होतं.

उआइसेले तिच्या पाठचा. तिच्यानंतर दीड वर्षानं झालेला, तरीही जवळजवळ अनोळखी. लाइने चालायला लागली तशी तिला टोंगा देशातल्या वावाऊ बेटावर आत्याकडे देऊन टाकलं, कारण आत्यानं मागितलं होतं आणि टोंगात आत्यानं मागितलेलं नाही म्हणता येत नाही. आत्याच्या घरात तीन म्हातारी माणसं, स्वच्छ सारवलेलं अंगण, आणि तिचा एकटीचा पेला, एकटीची थाळी. तिकडे राजधानीत आईच्या घरात आठ पोरं एका घमेल्यात हात घालून जेवत होती, एकमेकांच्या तोंडातला ऊस ओढून चोखत होती, एकाला खोकला झाला की आठांना होत होता. सुट्टीत ती बोटीनं घरी यायची तेव्हा ही सगळी भावंडं ओळीत उभी राहून तिच्याकडे बघायची, पाहुण्यांकडे बघतात तशी. भाऊ तर आणखीच लांब. बहिणीचा मान मोठा. ज्या खोलीत बहीण आहे तिथं भावानं लोळायचं नाही, वावगं हसायचं नाही, तिच्या अंथरुणाला शिवायचं नाही, आणि शरीराचं तर नाव काढायचं नाही. ब्रिस्बेनला येऊन दोघांना वीस-पंचवीस वर्षं झाली, उआइसेले इमारतींचं काँक्रीट ओतत होता आणि ती बस चालवत होती, तरी टीव्हीवर कुणी कुणाचं चुंबन घेतलं की तो उठून मागच्या अंगणात जात असे, आणि ती जाऊ देत असे.

म्हणून त्यानं किडनी देऊ केली तीही स्वतः नाही. तेव्हा लाइने डायलिसिसवर होती. यंत्राच्या खुर्चीत तिचा अर्धा जन्म चाललाय असं तिला वाटायचं. एक दिवस भावजय, लेसिएली, अळूच्या पानांत शिजवलेलं मटण घेऊन इनाला उपनगरातल्या तिच्या खोलीवर आली, पातेलं ओट्यावर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आमच्या घरात एक माणूस आहे. तो म्हणतो त्याच्याकडे दोन आहेत.”

लाइनेला आधी कळलंच नाही. कळल्यावर ती म्हणाली, “त्या माणसाला सांग, आधी बायकोला विचार.”

“बायकोनंच त्याला सांगितलंय,” लेसिएली म्हणाली, आणि पातेल्याचं झाकण उगीच दोनदा उघडून लावलं.

डॉक्टर लाम यांना सगळं दोनदा बोलावं लागलं. भाऊ आत असला की बहीण बाहेरच्या बाकावर, बहीण आत गेली की भाऊ लिफ्टपाशी. त्या बाईंचं लहानपण इनालातच, व्हिएतनाममधून आलेल्या आईबापांच्या घरी गेलेलं. त्यांनी कधी कारण विचारलं नाही, आपल्याकडेही अशा गोष्टी असतात एवढंच म्हणाल्या. त्यांनीच तेव्हा सांगितलं होतं की एक साधा विषाणू आहे, जगात निम्म्याहून जास्त माणसांना लहानपणी होतो, लाळेतून, उष्ट्यातून. येतो, झोपतो आणि जन्मभर अंगात झोपूनच राहतो, कारण शरीरानं एकदा त्याचा चेहरा पाहून ठेवलेला असतो. उआइसेलेच्या अंगात तो झोपलेला आहे. तुमच्या अंगानं तो कधी पाहिलेलाच नाही. किडनीबरोबर तो येईल, आणि किडनी टिकावी म्हणून तुमची प्रतिकारशक्ती तर आम्ही औषधांनी दाबून ठेवणार. त्या दिवशी लाइनेला भीती वाटली नव्हती. तिला फक्त ते घमेलं दिसलं होतं, आठ हात घातलेलं, आणि आपण ते खाल्लं नाही याचं एक जुनं, पोरकट दुःख झालं होतं.

आता डोळ्याच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून आत पाहिलं. पडद्याच्या एका बाजूला जळल्यासारखं झालं होतं, पांढरं आणि लाल, आणि त्याची कड पुढे सरकत होती. रक्तात विषाणू भरून वाहत होता. त्यांनी तिला भरती केलं, औषध शिरेतून सुरू केलं, डोळ्यात सुई दिली. सुई येताना दिसते, हे तिनं आधी कुणाकडून ऐकलं नव्हतं. आठवडा गेला, आणखी गेला, विषाणू हटेना. मग कळलं की त्यानं औषध चुकवायला शिकून घेतलंय. दुसरं औषध होतं, पण ते किडनीवर उठणारं. दाबून ठेवणाऱ्या गोळ्या कमी केल्या तर शरीर जागं होईल, पण जागं झालेलं शरीर आधी परक्या किडनीवरच धावेल. थोड्या कमी केल्या, श्वास रोखून. लाइने पलंगावर पडून छताकडे बघायची, एक डोळा झाकून, मग दुसरा. डाव्या डोळ्यातला राखाडी भाग रोज मोजावासा वाटायचा आणि ती मोजत नसे. डोळा वाचवायचा तर किडनी जाते, किडनी वाचवायची तर डोळा, आणि दोन्हींच्या मागे जीव उभा. तरीही, आणि हे तिलाच नवल वाटायचं, मनात रडं नव्हतं. खुन्नस होती. डायलिसिसच्या खुर्चीत परत बसायचं नाही, एवढं एकच वाक्य तिच्या अंगात ठोके देत होतं.

उआइसेले यायचा बंद झाला. आधी तो रोज यायचा, वॉर्डच्या दारापाशी उभा राहायचा, पडद्याला तोंड करून तब्येत विचारायचा आणि जायचा. विषाणू कुठून आला हे लेसिएलीच्या तोंडून त्याच्या कानी गेलं आणि तो दिसेनासा झाला. लेसिएली सांगायची की जेवत नाही, मुलीच्या लग्नाचं बोलणंही पुढे ढकललंय, तालिता रडते. तेवढ्यात डॉक्टर लाम एक वाट घेऊन आल्या. नदीपलीकडे एक प्रयोगशाळा आहे. तुमच्या भावाच्या रक्तातून त्या पेशी काढायच्या ज्यांना हा विषाणू ओळखता येतो, त्यांना विषाणूचे तुकडे दाखवून दाखवून वाढवायचं, आणि तुमच्या शिरेत सोडायच्या. औषध चुकवायला शिकलेला विषाणू त्या पेशींना चुकवू शकत नाही. लाइनेनं विचारलं की त्या पेशी किडनीवर धावल्या तर. डॉक्टर हसल्या. किडनी त्यांच्याच घरची आहे, त्या तिला हात लावणार नाहीत. धावल्याच तर तुमच्यावर धावतील. दोघं सख्खी आणि जुळणीही चांगली, म्हणून धोका कमी, पण आहे. लाइने म्हणाली, “मग बरंच आहे. किडनीला काही होत नाही ना.” पण निरोप परत आला तो असा, की आमच्या घरातला माणूस नाही म्हणतो. एकदा आपलं काही बहिणीच्या अंगात घातलं आणि तिचा डोळा गेला; पुन्हा तेच पाप करणार नाही.

तेव्हा लाइनेनं त्याला बोलावणं धाडलं. बोलावणं, विनंती नव्हे. बहिणीनं बोलावलं की भाऊ येतो, यासाठीच तर सगळा मान. ती व्हीलचेअरवरून खाली गाड्यांच्या तळापर्यंत आली आणि त्याच्या पिकअप गाडीत पुढे बसली. लेसिएली मागे बसली, मधे कुणी असावं म्हणून. त्याच्या बुटांवर वाळलेलं काँक्रीट होतं, मनगटं बारीक झाली होती. दोघं समोरच्या काचेतून बघत राहिले. कचऱ्याच्या डब्यावर एक आयबिस पक्षी आपली लांब चोच खुपसून काहीतरी ओढत होता. लाइनेला वाटलं, बरं झालं, गाडीत समोरासमोर बसावं लागत नाही. आयुष्यभर आपण माणसांना पाठीमागे बसवूनच बोललो.

“जेवतोस का?” तिनं विचारलं.

“जेवतो.”

“लेसिएली नाही म्हणते.”

त्यानं नखानं स्टिअरिंगवरचा काँक्रीटचा ठिपका खरवडला. मग हळू म्हणाला, “मी दिलेल्यातूनच तो तुमच्यात गेला. मी चांगलं म्हणून दिलं आणि त्यात ते होतं. आता आणखी काय देऊ? एक डोळा झाला, उद्या दुसरा जाईल. मला नाही जमायचं.”

लाइनेनं बोलायची वाक्यं वॉर्डमध्ये पाठ केली होती, प्रतिकारशक्ती आणि पेशी आणि शक्यता. ती सगळी विसरली. तिच्या तोंडून जे आलं ते कुठल्याही टोंगन बहिणीच्या तोंडून कधी आलं नसेल.

“उआइसेले, यंत्रावर होते तेव्हा मला लघवी होत नव्हती. वर्षानुवर्षं एक थेंब नाही. आता रोज होते. रोज सकाळी होते, आणि रोज सकाळी तिथं बसून मी तुझं नाव घेते.”

मागच्या सीटवर लेसिएली एकाएकी मोठ्यानं स्तोत्र म्हणायला लागली. उआइसेलेची मान हळूहळू खाली गेली, कपाळ स्टिअरिंगला टेकलं. लाइनेच्या कानशिलात रक्त धडधडत होतं. सुईपेक्षा, जळणाऱ्या डोळ्यापेक्षा, सायकलवाल्यापेक्षा ही धडधड मोठी होती; काहीतरी जुनं मोडलं होतं आणि त्याचा आवाज आत अजून घुमत होता.

“हे बहिणीनं भावाला सांगायचं नसतं,” ती म्हणाली, “मला ठाऊक आहे. तू चांगलं म्हणून जे दिलंस ना, ते चांगलंच आहे. त्यात जे जास्तीचं आलं, त्याला फक्त तूच ओळखतोस. मी लहानपणी तुमच्यात नव्हते म्हणून मला ओळखता येत नाही. तर ओळख करून दे. मी मागत नाहीये. बहीण म्हणून सांगतेय.”

लेसिएलीचं स्तोत्र संपलं आणि तिनं तेच पुन्हा सुरू केलं. मग कपाळ न उचलताच त्यानं विचारलं, “कधी जायचं?”

पेशी वाढायला वेळ लागला. त्या काळाचं लाइनेला पुढे फार आठवेना. सुया आठवतात, औषधाची धातूसारखी चव, आणि राखाडी कडेचं सरकणं. मग एके सकाळी एक तंत्रज्ञ बाई बर्फाच्या डब्यातून पिशवी घेऊन आली. लाइनेला वाटलं होतं काहीतरी मोठं, लाल, जड असेल. पिशवी तळहाताएवढी होती आणि आत तांदळाच्या धुवणासारखं काहीतरी गढूळ. एवढंच? डॉक्टर लाम म्हणाल्या एवढंच. सगळं शिरेत उतरायला चहा थंड होण्याएवढाही वेळ लागला नाही. त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या होत्या, काही झालं तर म्हणून, आणि काही झालं नाही. हात थोडा गार पडला. लाइनेनं डोळे मिटले आणि तिला लढाई वगैरे काही दिसली नाही; तिला ऐकू आला तो पोरांचा गलका. उघड्या अंगांची, शेंबडी, ऊस चोखणारी आठ पोरं दार ढकलून आत घुसावीत आणि आत्याच्या त्या स्वच्छ, गप्प घरातून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटावीत, प्रत्येक खोली उघडून बघत, कोण लपलंय कोण लपलंय करत. तिला हसू आलं. दुसऱ्या दिवशी अंगात ताप चढला, डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली, सगळे तिच्या त्वचेवर पुरळ शोधत राहिले. ती तापातही म्हणत होती की काही नाही, पोरं खेळताहेत. ताप उतरला. पुरळ आलं नाही.

पुढच्या तपासणीत विषाणू उतरला होता. उआइसेलेच्याच पेशींची आणखी एक पिशवी दिली, आणि तो पुन्हा उतरला, मग असा उतरला की यंत्राला मोजता येईना. ते सांगायला डॉक्टर लाम स्वतः जिना चढून आल्या, लिफ्टची वाट न बघता, धापा टाकत. त्यांच्या तोंडाकडे पाहूनच लाइनेला कळलं. “सापडत नाही,” त्या म्हणाल्या, “शोधला, सापडत नाही. आणि किडनी झकास आहे.” लाइनेनं त्यांचा हात धरला आणि तिच्या छातीतून एक आवाज निघाला, गाणं नाही, रडणं नाही, बेटावर बोट धक्क्याला लागली की बायका घालतात तसली आरोळी. शेजारच्या पलंगावरची बाई घाबरून उठून बसली. त्या दिवशी लाइने वॉर्डच्या व्हरांड्यातून चालत राहिली. खिडकीतून दिसणारी नदी, जांभळे होऊ लागलेले जॅकरंडाचे वृक्ष, माणसांनी भरलेले बसथांबे, सगळं ती उजव्या डोळ्यानं आणि उरलेल्या डाव्यानं असं बघत होती की जणू ते तिनंच जिंकून आणलंय. राखाडी तुकडा गेला नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले तो वण आहे, तो राहणार, पण कड मेली, आता पुढे येणार नाही. बसचा परवाना गेला. त्याचं वाईट वाटलं, एक संध्याकाळभर फारच वाटलं. मग डेपोनं विचारलं की नवीन ड्रायव्हरांना शिकवाल का, आणि ती म्हणाली की शिकवीन, पण माझ्या वर्गात खोकणारा बसणार नाही.

तालिताचं लग्न ऑक्टोबरात लागलं. चर्चमधला विधी लाइनेनं दाराजवळून पाहिला, पण जेवणाच्या हॉलमध्ये तिला मागे बसता येणार नव्हतं. नवरीची आत्या सगळ्यांत वर बसते, चटयांच्या थरावर, आणि तिथं तिला बसवलं. चारशे माणसं, भाजलेली डुकरं, कलिंगडाचं सरबत, आणि तोंडावर मास्क लावलेली ती. डॉक्टर लाम यांनी परवानगी दिली होती आणि शंभर सूचना दिल्या होत्या. त्या सूचना उआइसेलेनं तोंडपाठ केल्या होत्या हे तिला माहीत नव्हतं. इथल्या जून-जुलैच्या हिवाळ्यातच त्यानं दोन्हीकडच्या पाहुण्यांना झाडून फ्लूची लस टोचायला लावली होती, असं लेसिएली कानात सांगत होती; आणि आज तो नवरीचा बाप, टोंगन रिवाजाप्रमाणे कमरेला चांगल्यातली चटई गुंडाळलेला, आत न बसता दारात उभा होता. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या नाकाकडे तो बघत होता. एका काकांना त्यानं परत पाठवलं, दोन भाच्यांना अंगणात बसवून तिथंच ताटं दिली. कुणी रागावलं तर तो म्हणायचा, बहीण आत आहे, आणि विषय संपायचा. इतक्यात पाद्रीबुवा आले. जेवणाआधीची प्रार्थना त्यांच्याशिवाय होणार नव्हती. ते दारात पोचले आणि शिंकले.

चारशे माना दाराकडे वळल्या. उआइसेले हलला नाही.

“जॅकरंडाची शिंक आहे ही,” पाद्रीबुवा म्हणाले, “दरवर्षी येते.”

“असेल बुवा,” उआइसेले अदबीनं, खाली मान घालून म्हणाला, “पण शिंक ती शिंक. तुम्ही त्या खिडकीतून करा प्रार्थना. देवाला काय, तिथूनही ऐकू येतं.”

पाद्रीबुवांनी खिडकीकडे पाहिलं. मग त्यांनी कोट सावरला, इमारतीला वळसा घातला, आणि थोड्या वेळानं बाजूच्या खिडकीत, उन्हात, त्यांचं घामेजलेलं तोंड उगवलं. हात वर झाले. लाइनेच्या पोटातून हसू उसळलं. तिनं ते दाबलं, ते दाबलं जाईना. खांदे हलायला लागले, चटया हलायला लागल्या, आणि शेवटी ती खदखदून, मास्कच्या आतून, भर प्रार्थनेत हसायला लागली. दारात उआइसेलेनं मान वळवली. आता हा उठून जाणारा भाऊ बाहेर जाईल, असं तिला वाटलं. तो गेला नाही. चौकटीला धरून, तोंडावर मूठ दाबून, त्याचंही प्रचंड अंग हलत होतं, आणि दोघं सबंध हॉलच्या दोन टोकांना, एकाच खोलीत, एकाच गोष्टीला हसत होते. तालितानं डोळे उघडून आधी बापाकडे आणि मग आत्याकडे पाहिलं आणि ओठ चावले. खिडकीतल्या प्रार्थनेत दीर्घायुष्य आलं, आरोग्य आलं, आलेल्या-न आलेल्या सगळ्यांचं भलं आलं, आणि शेवटाला आणखी एक शिंक आली.

“आमेन,” लाइने सगळ्यांच्या आधी म्हणाली, इतकं मोठ्यानं की ते खिडकीबाहेर अंगणात जेवणाऱ्या भाच्यांनाही ऐकू गेलं.